अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

"शेळी गाडीत घेता येत न्हाय, मावशी. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आता काय पाटीवर लिहून देऊ?" धाराशिवच्या स्टँडवर बेंबळीच्या गाडीचा कंडक्टर दारात आडवा हात लावून उभा होता. खाली एक म्हातारी काळीभोर शेळी छातीशी धरून त्याच्याशी हुज्जत घालत होती. ज्ञानेश्वरी तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसली होती. ऑक्टोबरातली शनिवारची दुपार, गाडी सुटायची वेळ टळून गेलेली, माणसं उकाड्यानं कावलेली. गाडी एकदाची हलावी आणि आपण वस्तीवर, आईवडिलांकडं, पोचावं, एवढंच तिला वाटत होतं. "चालवत न्या की मग," कंडक्टर म्हणाला. "चालवत न्यायला तिनं चालाय तर पायजे! सकाळी बाजारात उड्या मारत आली भवानी, आन् दुपारधरनं पाय गळाल्यात तिचं. सांजच्याला बघा, परत उड्या मारंल." मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "इकायला आणलीस व्हय विठाबाई? मग धीर सुटला आसंल तिचा!" सगळी गाडी खदाखदा हसली. विठाबाईनं मान वर करून त्या माणसाला शोधलं. "शेळीला कशाचा आलाय रं धीर? पाय गळाल्यात म्हनले म्या. पायातली ताकद गेली, ताकद! मराठी कळंना का तुला?" ज्ञानेश्वरी झटक्यात उठली. पिशवी उचलून ती दाराकडं आली तेव्हा कंडक्टर वैतागून म्हणाला, "आता तुमाला काय झालं, ताई?" ती उतरली, आणि गाडी हलली तेव्हा तिच्या जागेवर विठाबाई शेळीला मांडीवर घेऊन बसलेली दिसली.

भाड्याची खोली स्टँडपासून दहा मिनिटांवर होती. तेवढ्या वाटेत कोण भेटलं, कुणी हाक मारली, तिला काही कळलं नाही. आठवीत असताना मराठीच्या पेपरात प्रश्न असायचा : वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. कंबर कसणे, नाकी नऊ येणे, हातपाय गळणे. हातपाय गळणे म्हणजे धीर सुटणे. वाक्य : पुराचे पाणी पाहून गावकऱ्यांचे हातपाय गळाले. पाचपैकी पाच. वस्तीवरच्या धनगराची पोरगी 'न्हाय' न म्हणता 'नाही' म्हणते याचं गुरुजींना कोण कौतुक! त्यांनी कंपासपेटी बक्षीस दिली होती, आणि त्या दिवसापासून घरची बोली शाळेच्या दाराशी चपलेसारखी काढून ठेवायची तिनं सवयच लावून घेतली. पुढं लातूर, मग पुणं. सवय इतकी अंगवळणी पडली की आपण काही काढून ठेवलंय हेच ती विसरून गेली. आता भर उन्हात चालताना तिला त्या पाच गुणांची शरम वाटत होती. काय बाई हुशार! अर्थ तोंडपाठ, आणि समोर ओसरीवर बसलेल्या सख्ख्या भावाचे हातपाय गळतात ते मात्र दिसेना.

ज्ञानेश्वरीचं काम काय, हे तिच्या आईइतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलेलं नाही. हरणाबाई वस्तीवरच्या बायांना सांगायची, "आमची ज्ञाना औषधाच्या सोयरिकी जुळवती. नवी औषधं न्हाय गं, बिजवर. एकदा लगीन झालेली." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, पण बोलणं अगदी बरोबर होतं. नवं औषध घडवायला पंधरा-पंधरा वर्षं जातात, आणि ज्यांचा आजार लाखात एखाद्याला होतो त्यांच्यासाठी ते घडवायला कुणी बसत नाही. मग पुण्याच्या एका संशोधन गटानं दुसरी वाट धरली होती. बाजारात आधीच असलेली हजारो जुनी औषधं एका बाजूला, दुर्मीळ आजार दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कॉम्प्युटर. कुठलं औषध शरीरात कुठं जाऊन काय ढवळतं, आणि कुठल्या आजारात नेमकं काय बिनसलंय, हे ताडून पाहून तो प्रत्येक रोग्यापुढं औषधांची क्रमवार यादी मांडायचा. ज्ञानेश्वरी त्या गटात होती. आजारी माणसांच्या घरच्यांचं बोलणं फोनवर ऐकून, त्यातली लक्षणं ओळखून कॉम्प्युटरला समजतील अशा ठरलेल्या शब्दांत भरायची, हे तिचं काम. भाऊ जवळ हवा म्हणून दोन वर्षांपासून ती धाराशिवातूनच हे करत होती. भागवत, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, हाही त्या रोग्यांत एक होता.

खोलीत येऊन तिनं पंखाही लावला नाही. दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेलं आईचं बोलणं तिनं शोधून काढलं. सुरुवातीला कोंबड्यांचा कलकलाट, मग हरणाबाईचा आवाज, मुलीशी नव्हे तर सरकारी माणसाशी बोलावं तसा जपून : "सकाळी बरा आसतो बगा त्यो. दुपार झाली की हातपाय गळत्यात त्याचं. पडून ऱ्हायला की सांजच्याला परत भरत्यात. कदी आठवडाभर बरा, कदी पंधरा दिस खाट सोडत न्हाय." ज्ञानेश्वरीनं डोळे मिटून ते तीनदा ऐकलं. हातपाय भरत्यात, म्हणाली होती आई. धीर कधी भरतो का? पाण्याची कळशी भरते, विहीर भरते, कणसं भरतात. आणि या वाक्यापुढं तिनं स्वतःच्या हातानं यादीतून काय निवडलं होतं? धीर खचणे. उदासी, दिवसभरात कमी-जास्त होणारी. आणि अंगातला अशक्तपणा? तो निराळ्या रकान्यात : कायमचा, हळूहळू वाढणारा. म्हणजे कॉम्प्युटरला तिनं सांगितलं होतं की या माणसाचे स्नायू झिजताहेत आणि वर तो मनानं खचलाय. तोही बिचारा सांगितल्या कामाचा; त्यानं दोन वर्षं इमानेइतबारे मनाच्या आजाराच्या गोळ्या वर आणून ठेवल्या. भागवतच्या रक्ततपासणीत एका जनुकात बदल सापडला होता, पण तो चोर की नुसता वाटसरू हे ठरत नव्हतं, कारण त्या जनुकाच्या बिघाडात अशक्तपणा कमी-जास्त होतो आणि भागवतचा 'कायमचा' होता. असं ज्ञानेश्वरीनंच लिहून दिलं होतं.

आणि का लिहून दिलं होतं? इथं ती खुर्चीतून उठली आणि उगाचच भांडी आवरायला लागली. सगळा दोष कंपासपेटीवर ढकलून चालणार नव्हतं. सकाळी विहिरीपर्यंत चालत जाणारा माणूस दुपारी म्हणतो मला तांब्या उचलत नाही, तर बघणाऱ्याला काय वाटेल? वडलांना, म्हणजे आबांना, वाटायचं पोरगं ढोंगी आहे. धनाजी आबांच्या तोंडी भागवतसाठी एकच शब्द होता, आळशी. "आळशाला गंगा लांब," "खायला काळ आन् भुईला भार," सगळ्या म्हणी त्याच्यावर खर्च झालेल्या. एकदा नवस फेडायला सगळे तुळजापूरला गेले होते. देवीचं देऊळ खाली, उताराला. पायऱ्या उतरून जाताना काही वाटत नाही. भागवत तेव्हा तेरा वर्षांचा. उतरला, दर्शन घेतलं, आणि वर येताना दहाव्या पायरीवर जो बसला तो बसला. मांड्यांवर हात रोवून उठायला बघायचा आणि परत बसायचा. येणारेजाणारे थांबून बघायला लागले तसा आबांना संताप आवरला नाही, भर गर्दीत त्यांनी त्याला दोन लगावल्या. "देवीच्या दारात तरी सोंग करू नगंस!" दहा वर्षांची ज्ञानेश्वरी चार पायऱ्या वर उभी होती, हातात प्रसादाची पुडी. तिला भावाची दया आली नव्हती. लोक बघताहेत, म्हणून तिला त्याचाच राग आला होता. तो राग शिकून सवरून कुठं गेला नव्हता. यादीतून शब्द निवडताना तिच्या बोटाला तोच राग चिकटलेला होता, फक्त आता त्याला पुस्तकातलं नाव मिळालं होतं. भागवत सोंग करतो असं तीही मानत आली होती. हे कबूल करताना तिला रडू कोसळलं, हातातली वाटी तिनं तशीच मोरीत सोडून दिली.

रडायला वेळ मात्र नव्हता. यंदाच्या उन्हाळ्यापासून भागवतला पाणी पितानाही ठसका लागत होता. छातीचे स्नायू थकत चाललेत, असंच राहिलं तर वर्षभरात श्वासासाठी मशीन लावावं लागेल, असं सोलापूरच्या एका छातीच्या डॉक्टरांनी चैत्रात सांगितलं होतं. तिनं डोळे पुसले, फॉर्म उघडला आणि दोन रकाने बदलले. उदासी काढली. अशक्तपणा 'कायमचा'चा 'कमी-जास्त होणारा, विसाव्यानं भरून येणारा' केला. मग पुण्याला राजशेखर सरांना फोन लावला. सर मूळचे उमरग्याकडचे, घरात कन्नड बोलणारे, तिचे वरिष्ठ. तिनं सगळं सांगितलं, शेळीसकट. "अय्यो, ज्ञानेश्वरी," सर म्हणाले, "चूक मोठी आहे, ते नंतर बघू. पण आत्ता तू भावाची बहीण आहेस. तुला जे पाहिजे तेच दिसणार. तू हात लावू नकोस. नाव झाकून मी स्वतः चालवतो. आणि शेळीच्या सांगण्यावरून नाही, आईच्या आवाजावरून. तो पाठव." त्यांना मराठीतल्या 'गळत्यात' आणि 'भरत्यात' मधला फरक समजावून सांगावा लागला नाही. त्यांच्या उमरग्याच्या आजीनंही गुडघे गळाल्याचं आयुष्यभर असंच सांगितलं होतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता यादी आली. ज्ञानेश्वरी चहा घेत होती. कपावर साय धरली तरी तिचा हात पुढं झाला नाही. तो वाटसरू जनुक उठून थेट पहिल्या जागी येऊन बसला होता. चोर हाच. नसेनं दिलेला निरोप जिथं स्नायूला पोचायचा, तिथंच त्याची नासधूस चालली होती. निरोप सुटतो, पोचत नाही. विसावा मिळाला की चार निरोप पोचतात, परत थकतात. म्हणून सकाळी विहीर आणि दुपारी खाट. यादीत औषधं पाहताना तिला आधी वाटलं, काहीतरी गडबड आहे. अशा आजारांत नेहमी देतात ती गोळी, जी मागं एका डॉक्टरनं नुसत्या अंदाजानं दिल्यावर भागवतनं महिनाभर अंथरूण धरलं होतं, ती पार तळाला होती. आणि सगळ्यात वर? दम्याची गोळी. जुनी, साधी, गल्लीतल्या कुठल्याही दुकानात मिळणारी. पोरांची छाती भरली की खोकल्याच्या बाटलीतून चमचा-चमचा पाजतात ते औषध! ती मोठ्यानं हसली. आणि हसता हसता तिला चिकट बूच असलेली एक तपकिरी बाटली आठवली, वस्तीवरच्या घरी चुलीमागच्या फळीवरची. भागवत अकरा वर्षांचा होता, हिवाळा होता, खोकला काही केल्या जाईना म्हणून कंपाउंडर दर आठ दिवसांनी नवी बाटली द्यायचा. दीड-दोन महिने चाललं ते. आणि त्याच हिवाळ्यात भागवत पळाला होता. शेळ्यांमागं, कुत्र्यांमागं, तिच्या वेण्या ओढून तिच्यापुढं. तिनं घरी फोन लावला. "माय, तो हिवाळा आठवतो का? भाऊ पळायचा बघ." "आठवंना का? बिरोबाला नवस बोललो व्हतो. पण देवानं पुढं पाठ फिरवली." "पुढं म्हणजे कधी, माय?" हरणाबाई विचारात पडली. "आसंल की… खोकला बरा झाल्यावर." ज्ञानेश्वरीनं फोन ठेवून दिला. ठेवला नसता तर आईला तिचं रडणंच ऐकू गेलं असतं.

सोलापूरचे डॉक्टर महांतेश मात्र भारावून जाणाऱ्यातले नव्हते. नसांचे आजार बघण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. राजशेखर सरांनी धाडलेला अहवाल त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "कॉम्प्युटरनं सांगितलं म्हणून मी गोळी देत नाही, बाई. पेशंटच्या अंगानं सांगितलं तर देतो." मग भागवतला टेबलावर निजवून त्यांनी खांद्याच्या एकाच नसेला सारखे बारीक झटके दिले. पडद्यावर पहिली लाट उंच उमटली, दुसरी तिच्याहून बुटकी, तिसरी त्याहून बुटकी. डॉक्टर पडद्याकडं बघत राहिले. "ही तपासणी याची आधी कुणी केली नाही?" "स्नायू झिजतात असं कागदावर होतं ना," ज्ञानेश्वरी म्हणाली, "आणि बाकीचं मनाचं. ते मीच लिहिलं होतं." डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, रागावले मात्र नाहीत. हृदयाचा आलेख काढला, अगदी लहान मात्रेनं सुरुवात लिहून दिली, छातीत धडधडलं तर लगेच फोन करायला सांगितलं, आणि असंही सांगितलं की फरक पडला तर आठवड्यांनी पडेल, दिवसांनी नाही. कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसलेले धनाजी आबा पुढं सरकले. ते म्हणाले, "सायेब, त्याला दमा न्हाय आन् दम्याची गोळी?" "दमा नाही, आबा. पण दम नाही ना अंगात," डॉक्टर म्हणाले, "तोच आणायचाय."

परतीच्या वाटेवर आबा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले आणि मागं बहीण-भाऊ. तिला वाटत होतं, इथंच सांगून टाकावं, आबांच्या पाठीकडं बघत, म्हणजे भावाच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही. "भाऊ, दोन वर्षं माझ्यामुळं वाया गेली. माय बरोबर सांगत होती, मी चुकीचं लिहिलं. मला वाटायचं तू…" भागवत खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत होता. "सोंग करतो. म्हन की," तो म्हणाला. "पंदरा वर्सं आबांच्या नावावर हाईत. तुज्या नावावर दोनच. तू लई मागं हायेस अजून." आणि तो हसला. त्या हसण्यात माफी होती की नव्हती, हे तिला कळलं नाही. पण तळहात उताणा करून त्यानं तिच्या हाताशेजारी ठेवला, कारण तो उचलायला त्या वेळी त्याला जमत नव्हतं. तिनं तो धरला आणि तुळजापूर जाईपर्यंत सोडला नाही.

तीन आठवडे काही म्हणजे काही झालं नाही. नुसते भागवतचे हात कापायचे. आबा फोनवर म्हणायचे, "त्या गोळीनं पोरगं थरथरायला लागलंय, बंद करा की!" आणि ज्ञानेश्वरी पाय भिंतीला लावून पडून राहायची आणि डोक्यात शंकांचा बाजार भरायचा. आपल्याला हवं तेच दिसलं असेल तर? खोकल्याच्या बाटलीच्या हिवाळ्यात खरंच बिरोबा पावला असेल तर? एका शब्दावरून इतका डोलारा, आणि तो शब्द एका शेळीवरून. कधी तिला वाटायचं आपण भावाला बरं करत नाही आहोत, स्वतःची चूक धुऊन काढतोय, त्याच्या अंगावर. मग ती उठायची आणि कामाला लागायची, कारण राजशेखर सरांनी तिला मराठवाड्यातली सगळी रेकॉर्ड केलेली जुनी बोलणी परत ऐकायला लावली होती. कळंबची एक सासू म्हणत होती, "सुनेचं हात गळत्यात." तुळजापूरचा एक बाप म्हणत होता, "पोराची मान गळती सांजच्याला." आणि पुढं फॉर्मवर, कुणाच्या कुणाच्या हातानं, धीर खचणे, धीर खचणे. सगळे तिच्यासारखेच, आठवीत पाचपैकी पाच. एकूण अकरा सापडले. पाचव्या आठवड्याच्या बुधवारी अवेळीच आईचा फोन आला. "माय? काय झालं? भाऊ बरा आहे ना?" "ज्ञाने," हरणाबाई कुजबुजली, जसं काही मोठ्यानं बोललं तर ते निघून जाईल, "दुपार टळली. त्यो अजून बसलेलाच हाय."

दहाव्या आठवड्यात सोलापूरला डॉक्टरांनी घड्याळ लावून भागवतला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले. आधी पंचवीस सेकंदांत ते खाली यायचे. एक मिनिट झालं, दोन झाली, तीन झाली. भागवत आढ्याकडं बघून शिट्टी वाजवायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पुरे रे बाबा, माझाच हात दुखायला लागला." फुंकरीच्या यंत्राचा काटा असा वर गेला की श्वासाच्या मशीनचा विषय डॉक्टरांनी कागदावर लाल रेघ मारून काढून टाकला. त्यांनी तिथूनच राजशेखर सरांना फोन लावला. "मिळालं. चालतंय. तुमच्या त्या अकराही जणांना पाठवा, एकेकाची नस तपासू. सगळ्यांना हेच असेल असं नाही, पण आता चुकायचं नाही." आणि पलीकडून सरांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला, "अय्यय्यो!" ज्ञानेश्वरी बाहेर येऊन दवाखान्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. सोलापूरचं ऊन मी म्हणत होतं, रिक्षावाले ओरडत होते, कुणीतरी द्राक्षं विकत होतं, आणि तिला वाटत होतं आत्ता या चौकात कुणीही येऊन विचारावं, हातपाय गळणे म्हणजे काय, अर्थ सांग. आणि तिनं आपल्या आईच्या भाषेत, ठणकावून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा तो सांगावा. जिंकल्यासारखं वाटणं म्हणजे काय ते तिला उभ्या जन्मात पहिल्यांदा कळत होतं. तिनं द्राक्षं घेतली आणि तिथंच उभ्यानं अर्धी संपवली.

त्या रविवारी ती वस्तीवर होती. सकाळी बाहेरच्या गलक्यानं तिला जाग आली. शेळ्या सोडायची वेळ झाली होती. धनाजी आबांनी हातातली काठी भुईवर आपटली आणि ओसरीकडं बघून, जवळजवळ लाजतच म्हणाले, "भागवत, उठ. आज तूच ने शेळ्या. माळापातूर." हरणाबाई चुलीपुढून उठून दारात आली. भागवत भुईवर निजला होता. तो उठून बसला, मग उभा राहिला. मांडीवर हात न रोवता, भिंतीला न धरता, सरळ, जसं कुणीही उठतं तसा. हरणाबाईनं पदर तोंडात धरला. भागवतनं अंगणात येऊन आबांच्या हातातली काठी घेतली, एकदा हातात तोलून पाहिली, माळाकडं नजर टाकली, आणि काठी परत आबांच्या हातात दिली. "आज नगं, आबा," तो म्हणाला. "आज मला कंटाळा आलाय." आबांचं तोंड जुन्या सवयीनं उघडलं, पंधरा वर्षांचा शब्द जिभेवर आला, आणि ज्ञानेश्वरीला दिसलं की त्यांचे डोळे भरून वाहायला लागलेत. जमत नाही म्हणून नव्हे, अंगात ताकद असून, धडधाकट उभं राहून, त्यांचा पोरगा नाही म्हणत होता. "आळशी!" आबा ओरडले, आणि हसायला लागले. "आळशी कुठला!" शेळ्या हाकत ते स्वतःच निघाले, आणि बांधावर दिसेल त्याला सांगत सुटले, "आमचं भागवत आळशी झालंय वं! लई आळशी, बगा येऊन!" इकडं अंगणात भागवतनं दोन्ही हात डोक्याच्याही वर ताणले आणि ऐसपैस जांभई दिली.